पोरांची भांडणं, गावचे तंटे: मध्यस्थी शिकवायची कशी?

प्रश्न असा आलाय: "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. मधल्या सुट्टीत रोज भांडणं होतात. मुलांमधूनच मध्यस्थ तयार करावेत असं मनात आहे. त्यात यंदा ग्रामसभेत मला गावच्या तंटामुक्ती समितीवरही घेतलंय. दोन्हीकडे सुरुवात कुठून करू? आणि हे खरंच शिकवता येतं का?"

मॅडम, शिकवता येतं, हे आधी सांगतो. बावीस वर्षं जि.प.च्या शाळांत काढली, निवृत्तीनंतर कोर्टातल्या मध्यस्थांसाठी जे ४० तासांचं ट्रेनिंग असतं ते घेतलं, दोन गावांत तंटामुक्ती समितीवर बसलो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. माझं मत असं झालंय की पोरं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, अडतं ते आपल्यापाशी. आपल्याला म्हणजे शिक्षकाला, सरपंचाला, पोलीस पाटलाला, घरातल्या थोरल्याला निकाल द्यायची सवय असते. दोघं भांडत आले की आपण दोन मिनिटं ऐकतो, कोण चुकलं ते मनात ठरवतो, 'चल, सॉरी म्हण, हात मिळव' म्हणतो आणि मोकळे होतो, ते दोघं हात मिळवतात आणि गेटपाशी गेल्यावर 'शाळा सुटू दे, मग बघतो तुला' चालूच. म्हणून तुम्ही स्वतःला आणि नंतर मुलांना पहिलं शिकवायचं ते म्हणजे निकाल पोटात ठेवून गप्प बसणं. बाकीचं सगळं यापेक्षा सोपं आहे.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. सहावीतली दोन पोरं, क्रिकेटवरून मारामारी. एकाची बॅट होती, तो आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा, मॅच बंद. दुसऱ्यानं त्या दिवशी त्याला अडवलं, शर्टाची बटणं तुटली. मध्यस्थ म्हणून सातवीतली एक मुलगी आणि एक मुलगा बसले, व्हरांड्याच्या टोकाला चटईवर, आणि मी दहा-बारा फुटांवर हजेरी घेऊन बसलो, लिहायचं नाटक करत. मुलीनं विचारलं, "तू बॅट का नेतोस?" तो म्हणाला, "माझी आहे." मध्यस्थ मुलगा लगेच पुढं सरसावला, त्याच्या चेहऱ्यावरच निकाल दिसत होता, तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुझं म्हणणं असं की बॅट तुझी आहे म्हणून तू नेतोस. बरोबर?" आणि तो म्हणाला, "नाही."

मग कुणीच बोलेना. अर्धा मिनिट असेल फार तर, पण मला ते फार लांब वाटलं, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो खाली बघून म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत मी आउट होऊन पाणी प्यायला गेलो, आलो तर बॅटची मूठ मोडलेली. कुणी मोडली ते कुणीच सांगितलं नाही. घरी पप्पांनी मला मारलं." समोरचा पोरगा त्या सुट्टीत मामाच्या गावाला होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढचं त्यांचं त्यांनीच ठरवलं: बॅटवाला आउट झाला की विकेटकीपर राहील, म्हणजे बॅट त्याच्या डोळ्यांपुढं राहील. त्या बॅटनं कुणी दगड टोलवायचे नाहीत. मोडली तर खेळणाऱ्या सगळ्यांनी मिळून भरून द्यायची. आणि बटणं दुसरा पोरगा आपल्या आईकडून लावून आणेल. मी निकाल दिला असता तर खिलाडूवृत्तीवर पाच मिनिटं बोललो असतो आणि मोडलेली मूठ मला कधीच कळली नसती.

यात त्या मुलीनं जे केलं तेच खरं कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं. मी त्याला मुलांच्या भाषेत 'हो-हेच' म्हणतो. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. 'नाही' म्हणाला तर फारच चांगलं, कारण आता तो जास्त आतलं सांगणार. याचा सराव वर्गात रोज दहा मिनिटं घ्या, आधी भांडणाशिवाय. जोड्या करायच्या, एकानं काल संध्याकाळी काय काय केलं ते सांगायचं, दुसऱ्यानं परत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही. मुलं मधेच 'माझं पण तसंच झालं' करून आपलं सुरू करतात, मोठेही हेच करतात. दुसऱ्या आठवड्यात खोटं खोटं भांडण आणायचं, तिसऱ्यात खरं पण जुनं, आणि मग भांडणारे दोघं आणि मध्यस्थ दोघं अशी चौकडी. नवं भांडण पहिल्या महिन्यात घेऊच नका.

तुमच्या शाळेत 'मूल्यवर्धन' या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमाची पुस्तिका असेल तर तीही काढा. शांतिलाल मुथ्था यांच्या फाउंडेशननं २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जि.प. शाळांतून तो सुरू केला, त्यातल्या जोडीनं आणि गटानं करायच्या गोष्टी या सरावाला चांगल्या जुळतात, वेगळं साहित्य लागत नाही.

आता शब्दांबद्दल, कारण हे कुणी करत नाही. मुलाला विचारा काय वाटलं, तो म्हणतो 'राग आला'. प्रत्येक वेळी रागच. खरं तर कधी तो खट्टू झालेला असतो, कधी हिरमुसलेला, कधी ओशाळलेला, कधी भेदरलेला, कधी नुसता हेवा वाटलेला असतो, आणि आपल्या मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. मी फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक शब्द लिहायचो आणि विचारायचो, असं तुला कधी झालं होतं. तिसरी-चौथीची पोरंसुद्धा अशी नेमकी सांगतात की ऐकत राहावं. एका मुलीनं 'ओशाळणं' या शब्दावर सांगितलं की खिचडीच्या रांगेत तिचं ताट आत पोचा आलेलं होतं, त्यावर सगळी हसली, आणि म्हणून तिनं पुढच्या मुलीला ढकललं. ते ढकलणं मी दोन दिवसांपूर्वी 'उद्धटपणा' म्हणून निकालात काढलं होतं.

मध्यस्थ कोण निवडायचे? मॉनिटर आणि पहिल्या पाचातली मुलं घेऊ नका, म्हणजे फक्त तीच घेऊ नका. मुलांकडून चिठ्ठ्या घ्या, 'तुझं गुपित तू कुणाला सांगशील' एवढाच प्रश्न विचारा, जी नावं येतात ती बघून तुम्ही चकित व्हाल. एक-दोन दांडगी पोरं हमखास येतात त्यात, घ्या त्यांना, ज्यानं दहा भांडणं केलीत त्याला भांडण कुठून पेटतं ते बरोबर कळतं. सगळ्या वस्त्यांमधली मुलं आली पाहिजेत हे मात्र तुम्ही बघायचं, चिठ्ठीवर सोडायचं नाही, ऊसतोडीला आईबापाबरोबर जाऊन आलेलं पोर असेल तर त्याला मुद्दाम घ्या. जोडीत शक्यतो एक मुलगी एक मुलगा. सहा महिन्यांनी जोड्या बदला, नाहीतर पोरांची दादागिरी सुरू होते, मी बघितलंय हे.

नियम चारच ठेवा: एका वेळी एकानं बोलायचं, शिवी नाही, घडलं तेच सांगायचं, इथलं बाहेर सांगायचं नाही. पण चौथ्या नियमाला एक अपवाद पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, की कुणाला दुखापत होतेय, कुणी घाबरवतंय किंवा कुणी नको तिथं हात लावतंय असं कळलं तर ते मध्यस्थांनी लगेच मॅडमना सांगायचं आणि तिथंच थांबायचं. बसायची जागा ऑफिससमोर नको, तिथं मुलांना शिक्षा वाटते. दोघं समोरासमोर नको, थोडे तिरके बसलेले बरे, मधे वस्तू नको. वेळ वीस मिनिटं, त्यात झालं नाही तर उद्या.

कोणतं भांडण मुलांकडे द्यायचं नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक पाहिजे, इथं जराही ढिलाई नको. लैंगिक छळाचा नुसता संशय आला तरी पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२, कलम १९) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथं समेट, मीटिंग, दोन्हीकडच्या पालकांना बोलावून चहा, असलं काहीही नाही. जातीवरून हिणवणं मध्यस्थीला ठेवायचं नाही. आणि एकच मुलगा किंवा एकच टोळी रोज एकालाच छळत असेल तर तेही नाही. ते भांडण नाहीच, तो छळ आहे, आणि छळलेल्या पोराला छळणाऱ्याशेजारी चटईवर बसवून 'तुमचं दोघांचं म्हणणं सांगा' म्हणणं म्हणजे त्याला सगळ्यांदेखत एकटं पाडणं. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात हे एकदा घडलंय, तो मुलगा पुढचे आठ दिवस शाळेत आला नाही, त्याच्या घरी जाऊन माफी मागितली मी. तिथं मोठ्यांनी मधे पडून छळ थांबवायचा, मग फार नंतर, त्या मुलाची इच्छा असेल तरच, बोलणं.

तुमच्या शाळेत छडी असेल तर हे सगळं विसरा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे ते तर आहेच, पण सरळ गोष्ट अशी की जो शिक्षक कान पिळतो त्याच्या वर्गात मुलं मध्यस्थाला खरं सांगत नाहीत. सहकारी शिक्षकांशी हे आधी बोला. भांडायला नको, तुम्ही तुमच्या वर्गात करून दाखवा, मधल्या सुट्टीतल्या तक्रारी कमी झाल्या की ते स्वतःच विचारायला येतात.

आता गाव. शाळा आणि गाव हे वेगळे विषय नाहीत, सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ मध्ये रेमंड शॉनहोल्ट्झ यांनी वस्तीतल्या साध्या माणसांना मध्यस्थ बनवणारी कम्युनिटी बोर्ड्स ही संस्था सुरू केली, आणि तीच पद्धत पुढं १९८० च्या दशकात तिथल्या शाळांत गेली. आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबा गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी वाद गावातच समेटानं मिटवायचे, त्यांची नोंद ठेवायची, गुण मिळवायचे आणि बक्षीस घ्यायचं. कल्पना मोठी होती आणि आजही मला ती मनापासून पटते. पण समितीला समेट घडवायचा कसा हे कुणी नीट शिकवलं नाही. मग जे येत होतं तेच केलं लोकांनी, म्हणजे निकाल. त्यात बक्षिसाच्या वर्षी मिटलेल्या तंट्यांचा आकडा वाढवायची घाई, तिथं लिहिलं 'समेट झाला' आणि गाडी पुढं.

मोहिमेला ज्यांचं नाव दिलंय त्यांचीच एक गोष्ट मी समितीच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. गांधीजी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ यांच्या दाव्यासाठी, दोघं नातेवाईक आणि एकाच गावचे. गांधीजींनी दोघांना लवादाकडे जायला राजी केलं, निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला, रक्कम ३७,००० पौंड आणि वर खर्च. आपली समिती इथं फटाके वाजवून मोकळी झाली असती. पण एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचं दिवाळं निघणार होतं, आणि अब्रूला जपणारा माणूस तो. म्हणून गांधीजींनी दादा अब्दुल्लांच्या मागं लागून लांब मुदतीचे हप्ते बांधून घेतले, आणि त्यांनी लिहून ठेवलंय की लवादाला राजी करण्यापेक्षा हे हप्त्यांचं काम जड गेलं. मध्यस्थाचं काम निकालानंतरच्या त्या हप्त्यांत आहे, हे मला या गोष्टीतून कळलं.

कळलं पण उशिरा. माझ्या पहिल्या वर्षातला एक तंटा सांगतो. दोन चुलतभाऊ, थोरल्याचं रान आत, धाकट्याचं रस्त्याला लागून. धाकट्यानं वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या, थोरल्याचा ऊस निघेना. आम्ही पाचजण बसलो, तासाभरात कागद झाला: 'वहिवाटीप्रमाणे वाट द्यायची.' एकच ओळ. सह्या, अंगठे, पेढे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, थोरला ट्रॅक्टर घेऊन आला आणि धाकटा आडवा पडला, कारण त्याच्या लेखी वाट म्हणजे बैलगाडीची चाकोरी आणि थोरल्याच्या लेखी ट्रॉलीची. या वेळी काठ्या निघाल्या.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मी आधी दोघांकडे वेगवेगळा गेलो. धाकटा तासभर मोजणी, सातबारा, गट नंबर बोलत होता, मी परत परत 'म्हणजे तुझं म्हणणं असं का' करत होतो, शेवटी उठता उठता त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, दोन वर्षांमागं कांदा काढायला आलेला, त्याच्यावरनं ट्रॉली गेली. आण्णा बांधावर उभे होते. एका शब्दानं बोलले नाहीत." एवढंच होतं ते. आणि थोरल्याला, म्हणजे आण्णांना विचारलं तर ते म्हणाले की मला वाटलं बोललो तर भरपाई मागतील, त्या साली माझ्याकडं द्यायला नव्हतं काही. दोघांना एकत्र बसवलं तेव्हा पहिला अर्धा तास वाटेचा विषयच निघाला नाही, कांद्याचाच निघाला. नंतर कागद झाला तो दोन पानी: वाट बांधाच्या कडेनं, रुंदी दहा फूट, खुणेचे दगड दोघांनी मिळून रोवायचे, मुरूम आण्णांनी टाकायचा, उभं पीक असताना ट्रॉली न्यायची तर आदल्या दिवशी फोन, नुकसान झालं तर किती आणि कुणी बघून ठरवायचं, आणि ३० जूनला समितीतल्या दोघांनी जागेवर येऊन बघायचं. तो कागद टिकला. तेव्हापासून माझी सवय झाली की समेट लिहिताना कोण, काय, किती, कधी आणि नाही झालं तर काय, हे सगळं आल्याशिवाय सही घ्यायची नाही.

समितीत बसताना जागा कुठली हेही महत्त्वाचं. एका भावकीच्या देवळात, पाटलांच्या वाड्यात, कुणाच्या ओसरीवर बैठक लावू नका, शाळा किंवा ग्रामपंचायत बरी. सगळे सारख्या जागी, खुर्च्या असल्या तर सगळ्यांना. आणि चहा सगळ्यांना एकाच कपबशीच्या सेटमधला, हे तुम्ही स्वतः बघा मॅडम, दुसऱ्या वस्तीतला माणूस तिथंच ठरवतो की आपलं ऐकलं जाणार की नाही. बायकांची नावं समितीच्या यादीत असतात पण बैठकीत त्या भिंतीला टेकून बसतात, म्हणून ज्या तंट्यात बाई पक्षकार आहे तिच्याशी तुम्ही आधी तिच्या घरी किंवा अंगणवाडीत वेगळं बोला. ती कुणासमोर बोलायला घाबरते हे त्यातून कळतं, आणि ती तिच्या नवऱ्याला किंवा सासऱ्याला घाबरत असेल तर तो तंटा समितीचा नाही. घरातल्या मारहाणीत 'संसार आहे, सांभाळून घे' असं पाचजणांनी मिळून सांगणं याला मी समेट म्हणत नाही, तिथं कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, पोलीस, विधी सेवा समिती यांच्याकडे सोबत जायचं. बालविवाह, ॲट्रॉसिटी, लैंगिक गुन्हा, हेही कधीच नाही. फौजदारीत कोणता गुन्हा आपसात मिटवता येतो त्याची यादी कायद्यातच आहे (आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९), बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाच्या पोलिसाला विचारून मगच हात घाला.

आणि समिती कधीही दंड करणार नाही, कुणाला वाळीत टाकणार नाही, मुलामुलीनं लग्न कुणाशी करावं यात पडणार नाही. जात पंचायतींनी केलेल्या छळावरूनच आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला, वाळीत टाकणं गुन्हा आहे. मध्यस्थीत कुणावर सक्ती नसते, 'मला नाही बसायचं' म्हणून उठून जायचा हक्क दोघांनाही शेवटपर्यंत असतो. मुलांना शिकवतानाही हे सांगा, ज्या पोराला जबरदस्तीनं चटईवर आणलं ते काही बोलत नाही.

कागदाला कायद्याचं बळ हवं असेल, विशेषतः पैशाच्या आणि वाटेच्या वादात, तर तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन दाखलपूर्व (म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. मध्यस्थी कायद्यात (२०२३) सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, पण त्यातला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही हे लक्षात ठेवा. आणि स्टॅम्पपेपरवर 'जमीन सोडली' लिहून मालकी बदलत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो, हे लोकांना आधीच सांगा म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटत नाही.

तर सुरुवात कुठून? शाळेतून करा. सोमवारपासून रोज दहा मिनिटं 'हो-हेच', फळ्यावर एक शब्द. समितीत पहिले दोन-तीन महिने फक्त ऐका आणि कुणाचं कोणतं वाक्य मधेच तोडलं गेलं ते घरी येऊन लिहून ठेवा, खरा तंटा बहुतेक वेळा त्या तोडलेल्या वाक्यात सापडतो. आणि दोन्हीकडे एक साधी दोनशे पानी वही घाला. त्यात तारीख, कोणाकोणात, काय ठरलं, हे तर सगळेच लिहितात, तुम्ही शेवटी अजून एक रकाना आखा: 'परत कधी विचारलं'. मुलांच्या भांडणाला आठ दिवसांनी, गावच्या तंट्याला पहिल्या पावसानंतर आणि मग सुगीला. ज्या ओळीत तो रकाना रिकामा दिसेल त्या घरी चक्कर मारा.